मागच्या बाकावर बसलेल्या गुरुजींना

या महिन्यातली तीन पत्रं जवळजवळ एकाच दुखण्याची आहेत. म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आणि या तिघांनाच सावकाश उत्तर द्यायचं ठरवलं. नावं-गावं छापू नका असं दोघांनी कळवलंय, तिसऱ्यांची मीच काढली आहेत.

प्रश्न : सिस्टर, सलाम. मी ७३ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या मंडळीत ३१ वर्षं मी पेटी वाजवली, भजनं सांगितली. दोनदा पंचकमिटीवर होतो. दोन वर्षांपूर्वी पत्नी प्रभूकडे गेली. मुलं पुण्याला असतात. आता तरुण संघानं कीबोर्ड आणि ड्रम आणलेत, भजनं पडद्यावर दिसतात. माझी पेटी मागच्या खोलीत कापड टाकून ठेवली आहे. मला कमी ऐकू येतं. मशीन घेतलं, पण त्यात गलकाच जास्त, उपदेश काही कळत नाही. आधी शेवटच्या बाकावर बसायचो, गेले तीन महिने जाणंच सोडलंय. घरी मोबाइलवर कुणाचा तरी उपदेश लावतो आणि मध्येच डोळा लागतो. पहाटेची प्रार्थनाही सुटली. जन्मभर सेवा केली, आता काही कामच उरलं नाही. माझा विश्वास कमी झाला का?

उत्तर : सलाम गुरुजी. विश्वासाचं नंतर बोलू, आधी कानाचं बोलते. नर्स म्हणून ३६ वर्षं वॉर्डात काढली आहेत, तेव्हा तेवढा अधिकार मला द्या.

वयानं कान जायला लागले की आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, त, थ, फ यांतला फरक कळेनासा होतो. जाड स्वर मात्र टिकतात. म्हणून पाळकसाहेब बोलताहेत हे ऐकू येतं, पण काय बोलताहेत ते कळत नाही. त्यात आपली जुनी देवळं उंच छपराची आणि दगडी भिंतींची. आवाज घुमतो. मशीन आवाज मोठा करतं, तसा तो घुमलेला आवाजही मोठा करतं. अशा जागी शेवटचा बाक कानासाठी सगळ्यात वाईट. तुम्ही तिथे कान कमी म्हणून बसलात की मन दुखावलं म्हणून, हे तुमचं तुम्ही प्रभूसमोर बसून ठरवा. येत्या रविवारी मात्र पहिल्या नाहीतर दुसऱ्या बाकावर, पाळकसाहेबांचे ओठ दिसतील असे बसा. कानात मळ साठलाय का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. मशीन जिथून घेतलं तिथे परत जाऊन ते जुळवून घ्या. एका खेपेत जुळत नाही, दोन-तीन खेपा होतात. घरातही रोज काही तास लावा. मेंदूला त्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि फक्त रविवारी लावणाऱ्याला ती सवय होतच नाही. आणखी एक करा. शनिवारी पाळकसाहेबांना फोन करून उद्याचा उतारा विचारून घ्या आणि रात्री तो दोनदा वाचा. ओळखीचे शब्द अर्धवट कानावर पडले तरी पुरे होतात. मी स्वतः हेच करते.

तुम्ही झोपेचं आणि प्रार्थना सुटल्याचं लिहिलंय. जेवण जातं का? पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही असं होतं का? होत असेल तर पाळकांच्या बरोबरीनं डॉक्टरांनाही भेटा. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व तपासून घ्या. जोडीदार गेल्यावर येणारी उदासी कधी कधी आजार होऊन बसते, आणि माणूस त्याला अविश्वास समजून स्वतःलाच दोष देत राहतो. तुम्ही मला विश्वासाबद्दल विचारलंत ना? ज्याचा विश्वास उडालेला असतो तो असलं पत्र लिहायला बसत नाही.

आता कामाचं. बायबलातलं दुसरं शमुवेल काढा, सतरावा आणि एकोणिसावा अध्याय. दावीद राजा पोटच्या पोराच्या भीतीनं रानात पळालेला असतो. तेव्हा त्याच्यासाठी खाटा, भांडी, गहू, जव, पीठ, डाळ, मध, लोणी, मेंढरं घेऊन जे आले त्यांत एक बर्जिल्लय होता. पुढे दावीद परत निघतो आणि त्याला म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमेत चल, तिथे मी तुला सांभाळीन. म्हातारा म्हणतो, मी ८० वर्षांचा झालो. अन्नपाण्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत. तुला माझा भार कशाला? मला माझ्या गावात, आईबापांच्या कबरेजवळ राहू दे. आणि पुढे तो म्हणतो, हा किम्हाम आहे, याला घेऊन जा.

गुरुजी, नर्सिंगला होते तेव्हापासून मी हा उतारा वाचत आले, पण साठी उलटल्यावर तो मला लागला. बर्जिल्लयानं कान गेले हे राजासमोर उघड सांगितलं, त्याची लाज धरली नाही. आणि आपली जागा रिकामी ठेवून तो रुसून बसला नाही. त्यानं पोरगं पुढे केलं. तुमच्या मंडळीतला किम्हाम त्या कीबोर्डवर बसलाय. त्याला सूर येतात, पण चाली येतात का? आपल्या भजनांच्या पुस्तकात शेकडो पदं आहेत आणि तरुणांना त्यातली जेमतेम वीस-पंचवीस म्हणता येतात. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही नावं पदावर छापलेली असतात, पण चाल कागदावर नसते, ती म्हाताऱ्यांच्या गळ्यात असते. इंग्रजी चालीत कोंबलेल्या भजनांतून आपल्याला आपल्या मातीच्या सुरात आणायला कृष्णराव सांगळ्यांसारख्या कीर्तनकारांनी आणि कवी ना. वा. टिळकांनी हयात घातली. ते तुमच्या पिढीबरोबर मातीत जाणार असेल तर मला फार वाईट वाटेल. शनिवारी संध्याकाळी पोरांची तालीम असते. तिथे जा. 'आमच्या वेळी' हे शब्द घरी ठेवून जा. त्या मुलाला म्हणा, बाळा, या दहा भजनांच्या चाली मी म्हणतो, तू मोबाइलवर भरून घे, आणि कीबोर्डवर कशी बसवायची ते तू ठरव. तुमचा सूर आता थोडा हलला असेल. हलू दे. तो मुलगा सावरून घेईल, त्याचे कान तरुण आहेत.

कानांवरून पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ साली त्या डॉक्टर व्हायचं मनात घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या, आणि कमी ऐकू येतं म्हणूनच ते राहून गेलं. पुढचं केडगावचं, निराधार बायकामुलींसाठीचं मुक्ती मिशन सगळ्यांना माहीत आहे. मला त्यांचे शेवटचे महिने आठवतात. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी एकटीनं सगळं बायबल उतरवलं, त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आपल्यामागे काम तीच बघेल असं रमाबाईंनी धरलं होतं. त्यानंतर त्यांनी काय केलं, तर त्या बायबलाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे कागद, तपासली. ओळीमागून ओळ, काना-मात्रा बघत. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच मुली. मुद्रितं संपली आणि थोड्याच दिवसांत, १९२२ च्या ५ एप्रिलला, त्या गेल्या. रमाबाईंसारखं काहीतरी मोठं करा असं मी तुम्हाला सांगत नाही, गुरुजी. मुद्रितं तपासणं हे किती बारीक आणि कंटाळवाणं काम असतं ते तुम्ही जाणता, जन्मभर वह्या तपासल्यात. लेक गेल्यावर त्या बाई सकाळी उठून तेवढंच काम पुढ्यात घेऊन बसत असतील, हे मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणते.

पहाटेच्या प्रार्थनेसाठी एक सुचवते. तुम्ही शिक्षक होता. हजेरीपट आठवतो? एक वही घ्या आणि तुम्ही शिकवलेली मुलं वर्गवार लिहून काढा, आठवतील तशी. आठवडा लागेल, महिना लागेल. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळी. मग रोज पहाटे दहा नावांची हजेरी घ्या, वर्गात घेत होता तशीच, मोठ्यानं. एक नाव घ्यायचं, थांबायचं, आठवेल ते प्रभूला सांगायचं. याचा बाप दारू प्यायचा, हिला गणित यायचं नाही, हा आता कुठे आहे माहीत नाही. मोठी प्रार्थना सुचत नसेल तर करू नका. ज्यांच्या नावानं प्रार्थना करणारं जगात दुसरं कुणीच नाही अशी कितीतरी नावं तुमच्या वहीत निघतील. आणि डोळा लागला तर उद्या त्याच नावापासून पुढे.

मोबाइलवरचा उपदेश वाईट नाही, मीही ऐकते. पण प्रभुभोजनाची भाकर मोबाइलमधून हातावर येत नाही. येत्या रविवारी जा.

प्रश्न : मी ६७ वर्षांची. मराठवाड्यातल्या खेड्यातून सहा महिन्यांपूर्वी मुलाकडे पिंपरी-चिंचवडला आले. नातवंडं ९ आणि ६ वर्षांची, इंग्रजी शाळेत. हे लोक इंग्रजी उपासनेला जातात, मला एक शब्द कळत नाही. गावी मी महिला मंडळ चालवायचे. इथे जेवणाआधी प्रार्थना केली की सून म्हणते, आई, थोडक्यात. मुलांना वचनं पाठ करायला बसवलं तर ती पळतात. मी त्यांना प्रभूकडे कशी आणू?

उत्तर : बाई, सुनेचं त्या बाबतीत बरोबर आहे. ताटातलं गार होऊ देऊ नका. लांब प्रार्थना तुमच्या खोलीत करा, तिथे कुणी घाई करणार नाही.

मुलाला मात्र स्पष्ट सांगा, महिन्यातून एक रविवार मला मराठी उपासनेला पोचव. पुण्या-पिंपरीत मराठी मंडळ्या आहेत, शोधल्या की सापडतात. तुम्ही मागितलं नाहीत म्हणून त्याला सुचलं नसेल. आया मागत नाहीत, मग मनात धरून ठेवतात. तसं करू नका. तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी महिला मंडळाच्या कुणाशी तरी ओळख करून घ्या. रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसू नका, कुणाशेजारी तरी बसा.

नातवंडांना पाठांतराला बसवू नका. तुम्ही लसूण सोलायला बसा आणि त्यांना चार पाकळ्या द्या. हात गुंतले की मुलं ऐकतात. मग गोष्ट सांगा, आपल्याच घराची. आपल्या घरात प्रभूचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं? आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ही गोष्ट १८९७ किंवा १९०० च्या दुष्काळापासून सुरू होते. कुणाला तरी कुणी भाकर दिली, कुणाला शाळेत घातलं, कुणी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावकीनं पाणी बंद केलं. तुमच्या सासूनं तुम्हाला सांगितलेलं काय ते आठवा. तुमच्यानंतर ते सांगणारं त्या घरात कुणी नाही. पौलानं तीमथ्याला लिहिताना त्याच्या आजीचं, लोईसचं, नाव घेतलंय. आजीनं त्याला काय शिकवलं याची यादी तिथे दिलेली नाही. तिच्याठायी विश्वास होता, एवढंच म्हटलंय. मुलं बघत असतात. तुम्ही रात्री दिवा मालवण्याआधी गुडघे टेकता, तेव्हा दाराच्या फटीतून त्या सहा वर्षांच्या पोरीला दिसत असणार.

झोपताना डोक्यावर हात ठेवून एकच ओळ म्हणा, मराठीत. रोज तीच. ती इंग्रजीत उलटून बोलली तरी चालेल.

प्रश्न : मी ८१ वर्षांची. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. सून सगळं करते, अंघोळसुद्धा. मला फार लाज वाटते. तिचं तोंड दमलेलं दिसतं. मी रोज प्रार्थना करते की प्रभू, आता मला ने. हे पाप आहे का? (हे पत्र नातीकडून लिहून घेतले आहे.)

उत्तर : आजी, पाप नाही. एलिया संदेष्ट्यानं झुडपाखाली बसून हीच प्रार्थना केली. प्रभूनं त्याला रागावलं नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. मग पुढच्या कामाचं बोलणं काढलं. तुम्हीही तुमची प्रार्थना करा. तिच्यापुढे एवढं जोडा की, तोवर मला काय करायचंय ते दाखव.

नातीला एक निरोप. बाळा, आजीची कूस दिवसरात्र दर दोन तासांनी बदला, टाचा आणि माकडहाड रोज बघा. लाल चट्टा दिसला आणि दाबल्यावर पांढरा पडला नाही तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि आठवड्यातून एक दिवस आईला पूर्ण सुट्टी मिळेल असं बाबांना आणि काकांना बसवून ठरवा. आजीला जे तोंड दमलेलं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा आजी नसते, एकटीवर पडलेलं ओझं असतं.

आता लाजेबद्दल, आजी. १९६७ साली मी मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेले. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत किती जणांना स्पंज दिला त्याची गणती नाही. पाच वर्षांपूर्वी मी न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी बादली आणि दोन फडकी घेऊन पडद्याआड आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल, पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्षाची. मी डोळे घट्ट मिटून घेतले. जन्मभर मी या खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. माझ्या अंगावरचं पांघरूण दुसऱ्यानं काढायचं, हे मला मरणाहून कठीण वाटलं.

मिटल्या डोळ्यांनी मला पाण्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. मी डोळे उघडले. ती कोपर बुडवून पाणी बघत होती. बोटांनी बघायचं नसतं, बोटं राठ झालेली असतात, कोपराला खरं कळतं. आम्हाला हेच शिकवलं होतं. मग तिनं चेहऱ्यापासून सुरुवात केली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर, एका डोळ्याला फडक्याचं एक टोक, दुसऱ्याला दुसरं. धुऊन झालं की तेवढा भाग टिपून झाकायचा, मगच पुढचा उघडायचा. अंगाचा जेवढा भाग धुवायचा तेवढाच ती उघडत होती. मला रडू आलं. तिला वाटलं दुखलं. 'आज्जी, दुखतंय का?' म्हणून ती थांबली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, म्हणतो, तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नसेल तिकडे नेईल. पेत्राच्या मरणाबद्दल ते म्हटलंय हे तिथेच लिहिलं आहे. पण त्या खाटेवर मी हात लांब केले, तिनं बाही चढवली, आणि मला तेच शब्द आठवले. त्यापुढे लगेच प्रभू त्याला म्हणतो, माझ्यामागे ये. म्हणजे हात दुसऱ्याच्या हाती दिल्यावरही मागे चालायचं असतंच. कसं, ते मी त्या सहा आठवड्यांत थोडंसं शिकले. मी तिचं नाव विचारलं, गाव विचारलं. तिचा ॲनाटॉमीचा पेपर राहिला होता, बाप ऊसतोडीला जायचा. ती पाठ पुसायची तेव्हा मी मनात तिच्यासाठी प्रार्थना करायचे. डावा खांदा, तिची आई. उजवा खांदा, तिचा पेपर. पाठीला पावडर लावेपर्यंत माझी प्रार्थना आटपायची. लाज पूर्ण गेली असं नाही सांगणार. पण तेवढ्या वेळापुरतं मला दुसरं काम असायचं.

आजी, तुमची सून रोज तेवढा वेळ तुमच्या अगदी जवळ असते. तिच्या माहेरचं कुणी आजारी आहे का, तिची कंबर दुखते का, हे तुम्ही विचारलंय का? बोलणं अडखळत असेल तर डावा हात चांगला आहे ना? तो तिच्या डोक्यावर ठेवा.

ती मुलगी पास झाली. आता ती जिल्ह्याच्या एका गावात नोकरीला आहे, नाताळात आणि पुनरुत्थानाच्या सणाला फोन करते, ख्रिस्ती नसून. परवा मी तिला विचारलं, अजून कोपरानं पाणी बघतेस का गं? म्हणाली, बघते, आज्जी.